वजाबाकीतलं घर

वाहत्या गटारावर चेंबर बांधायचं आणि वाहणाऱ्या पाण्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे काम कृष्णाकाठच्या त्या शहरात आता एकाच माणसाला येत होतं. त्याचं नाव जोतिराम भंडारे, वय एकोणसाठ. आपण एकटेच उरलो याचा त्याला अभिमान होता की दुःख, हे त्याला धड सांगता आलं नसतं. विचारणारंही कुणी नव्हतं म्हणा.

लोकांना चेंबर म्हणजे रस्त्यावरचं झाकण वाटतं. झाकणाखाली दोन पुरुष खोल विहीर असते आणि तिच्या तळातून सगळ्या वस्तीचं सांडपाणी जातं, हे कुणाला आठवायचं नसतं. नवी लाईन असेल तर आधी चेंबर बांधून मग पाईप जोडता येतो. पण जुनी लाईन चालू असेल, वरच्या घरांतली माणसं आंघोळी करत असतील, तर त्यांना चार दिवस थांबा म्हणून सांगणार कोण? मग पाईप न फोडता त्याच्या भोवतीनं खणायचं, पोटाखाली काँक्रीट ओतायचं आणि तळाशी दोन खाचा असलेलं सिमेंटचं कडं वरून असं सोडायचं की ते पाईपावर स्वारासारखी मांड ठोकून बसेल. खाचा आणि पाईप यांच्यामधली बोटभर फट हातानं भरायची. काँक्रीट एकवीस दिवस मुरलं की पाईपाची वरची पाठ तेवढी कापून उचलायची. खालची अर्धी पन्हळ जागेवर राहते आणि पाणी वाहतच राहतं. कडं उतरवायला यंत्राचा हात होता, खणायलाही होता. फट भरायला आणि पाठ कापायला मात्र जोतिरामच लागत असे, कारण यंत्रानं भरलेली फट वर्षभरात गळायची आणि कापलेला तुकडा पाण्यात पडून लाईन तुंबायची.

कुंभारमळ्याच्या टोकाला सहा घरांचा एक बोळ होता. तिथे त्यानं त्या दिवशी कडं बसवलं, फट भरली आणि पाईपाच्या पाठीत बोटभर भोक पाडून सुई खोवली. सुईची तार रस्त्यावरच्या गाडीत जात होती. गाडीत केतकी शिंत्रे नावाची तिशीतली इंजिनिअर पडद्याकडे बघत बसली होती. हा सगळा खटाटोप त्या सुईसाठीच चालला होता.

त्या सुईला आणि तिच्या यंत्राला सगळे जागल्या म्हणत. पूर्वी गावाला जागल्या असे, तो रात्रभर हाकारा घालत फिरायचा. हा जागल्या गटारात बसून सांडपाणी वाचायचा. प्रत्येक माणसाच्या आतड्यात जंतूंची आपापली वस्ती असते. काय खाल्लं, कुणाबरोबर राहिलं, कुठलं औषध घेतलं, सगळ्याचा तिच्यावर ठसा असतो आणि दोन माणसांच्या वस्त्या तंतोतंत एकसारख्या कधीच नसतात. ती वस्ती रोज थोडीथोडी पाण्याबरोबर निघून जाते. जागल्या प्रत्येकाच्या जंतूंचं ते गाठोडं ओळखायचा. या बोळात तेरा माणसं, त्यांतलं एक तान्हं, एकाला साखर, एकाला ताप, असं त्याला घरबसल्या कळायचं. नाव तो सांगत नसे, कायद्यानं सांगू शकत नव्हता. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची खूण दोन दिवस दिसली नाही किंवा बिघडली, तर आरोग्यसेविका दार वाजवायला जात असे. बंद दाराआड माणूस आठ-आठ दिवस मरून पडायचा, ते दिवस त्यामुळे संपले होते.

एकच भानगड होती. चेंबरवर काम करणाऱ्यांचे हात, घाम, कपडे यांतूनही त्यांच्या खुणा पाण्यात उतरत. म्हणून कामगारांचे नमुने आधीच घेऊन ठेवत आणि जागल्या त्या खुणा वाचनातून वजा करी. या यादीला वजाबाकीची यादी म्हणत. तिच्यात नाव नसेल त्यानं खड्ड्यात पाय ठेवायचा नाही. जोतिरामचं नाव त्या यादीत पहिलं होतं.

"मामा, एक विचारू? रागवू नका," केतकी गाडीतून उतरून खड्ड्याच्या काठाशी आली.

"इचार की."

"तुम्ही सकाळी इथं कुणाच्या घरी संडासला गेला होतात का?"

जोतिरामनं थापी खाली ठेवली. "तीस वर्सं ह्या धंद्यात हाय, बाई. घरातनं सगळं उरकून येतोय मी."

"मग तुमची खूण वरून कशी वाहत येते?" ती उकिडवी बसली आणि हातातला पडदा तिनं त्याच्याकडे वळवला. त्याला त्यातलं काही कळलं नाही, नुसते रंगीत पट्टे दिसले. "हा बघा. हा पोटातला जंतू नाही, दुधातला आहे. विरजणाचा. शहरात हजारो घरी दही लागतं, पण हा वाण कुणाकडे सापडला नाही, म्हणून यंत्रानं तुमची खूण म्हणून तोच धरला. तुम्ही घरी दही लावता?"

"लावतो."

"विरजण कुठलं?"

"मंडळीचं."

शालनला जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून तिनं वाटीभर दही आणलं होतं. ते तिच्या आजीपासून चालत आलेलं, असं ती सांगायची. ती गेल्यावर जोतिरामला स्वयंपाकातलं दुसरं काही जमलं नाही, पण रोज संध्याकाळी कोमट दुधात चमचाभर दही टाकायला तो चुकला नाही. घरात तेवढीच एक गोष्ट होती, जिला त्याची रोज गरज पडायची.

"ते अजून कुणाला दिलं होतं का त्यांनी?" केतकीनं विचारलं.

शालन विरजण कुणाला देत नसे, घरातली लक्ष्मी जाते म्हणायची. एकालाच तिनं दिलं होतं. तो म्हणजे सिद्राम ऐवळे, जोतिरामचा जोडीदार.

माणसं चेंबरमध्ये उतरत होती त्या काळात जोडी असायची. एक खाली उतरायचा, दुसरा वर दोर धरून बसायचा. या जोड्यांची एक रीत होती. दोघांनी दुपारी एकाच ताटात जेवायचं. बाहेरच्यांना तो भाईचारा वाटे, आणि या लोकांबरोबर जेवायला दुसरं कोण बसणार, हेही खरंच होतं. पण मूळ कारण वेगळं होतं. एकाचं पोट बिघडलं तर दुसऱ्याचंही बिघडावं आणि दोघांनीही त्या दिवशी सुट्टी घ्यावी. कळ आली म्हणून दोर धरणाऱ्याचा हात सुटला तर खालचा माणूस परत येत नाही. जोतिराम आणि सिद्राम अठरा वर्षं एका ताटात जेवले. सिद्रामच्या घरी कुणी नव्हतं, म्हणून शालन दोघांच्या भाकरी बांधून द्यायची आणि सुट्टीच्या दिवशी त्याचे हाल नकोत म्हणून तिनं त्याला विरजणही दिलं.

मग माणसांनी उघड्या लाईनीत उतरायला बंदी आली. बांधकामापुरते परवाने निघाले, तेही जोडीमागे एक. दोघांनी ठरवलं, दोघांना मिळत असेल तर घ्यायचा, नाहीतर कुणीच नाही. तसं बोलून दोघं घरी गेले आणि जोतिरामनं दुसऱ्या दिवशी एकट्याचा अर्ज भरला. सिद्रामला ते भिंतीवरच्या यादीत कळलं. तो भांडला नाही. दुपारी ताटातून आपल्या दोन भाकरी त्यानं उचलल्या, कागदावर ठेवल्या आणि पाठ फिरवून जेवला. त्यानंतर त्यानं वस्ती बदलली. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. शालन शेवटपर्यंत विचारायची, सिद्रामभावजी भेटलं का? जोतिराम म्हणायचा, कामात असंल.

"असंल एक जण," तो आता केतकीला म्हणाला.

"मग नीट ऐका. बोळात सहा घरं आहेत. यंत्र तुमची खूण वजा करतं तेव्हा त्याच वाणाचं म्हणून त्या माणसाचं अख्खं गाठोडंही वजा होतं. उरतात पाच घरं. सहावं रिकामं दिसतं. एकवीस दिवसांनी पाईप कापला की हे चेंबर चालू होईल. त्या दिवशी जे घर रिकामं, ते कायमचं रिकामं. त्यात कुणी पडलं, गेलं, तरी जागल्या ओरडणार नाही. त्याच्या लेखी तिथं कुणी नव्हतंच."

"मग तू हातानं लिव्ह की."

"हातानं लिहायची सोय काढून टाकलीय, मामा. अर्ज करता येतो. गेल्या वर्षीचे अर्ज अजून पडून आहेत."

तिनं दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे जोतिरामचं नाव यादीतून काढायचं. पण मग परवाना गेला आणि या वयात तो परत मिळणार नव्हता. दुसरी म्हणजे जोतिरामनं तीन आठवडे दही सोडायचं. वाण पोटातून निघून जाईल, मग नवा नमुना द्यायचा, नवी खूण लागेल आणि सहावं घर आपोआप दिसायला लागेल. पुढेही दही खायचं नाही, एवढंच.

"मी सोडतो," जोतिराम म्हणाला.

"त्यांना भेटून तरी या. किती वर्षांनी सापडलेत."

"बघू," असं म्हणून तो परत खड्ड्यात उतरला. खड्ड्यात त्याचं आता काही काम नव्हतं.

दही सोडणं म्हणजे काय मोठं, असं त्याला वाटलं होतं. पण विरजण जिवंत ठेवायचं तर रोज लावावं लागतं आणि लावलेलं खायला घरात दुसरं कोण होतं? शेजारणीला द्यावं तर तिच्याही घराला ही खूण लागायची. एकाचं घर दाखवायला निघालो आणि गल्लीच गायब केली, असं व्हायचं. शेवटी तो रोजचं दही कढीपत्त्याच्या बुडाशी ओतू लागला. कढीपत्ता झकास फुटला. जोतिराम कोरड्या भाकरीबरोबर चटणी खायचा आणि ताट धुताना शालनची माफी मागायचा, मोठ्यानं, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

काँक्रीटवर पाणी मारायला तो रोज सकाळी बोळात जाई. खड्ड्यातून वर बघितलं की माणसांचे पायच दिसतात. आठव्या दिवशी एक जोडी काठावरून गेली. टाचा फाटलेल्या, डावा पाय किंचित ओढत चाललेला. अठरा वर्षं दोराच्या वरच्या टोकाला जे पाय त्यानं पाहिले होते, ते ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. पाय थांबले. कोण काम करतंय ते बघायला माणूस वाकणार, एवढ्यात जोतिराम कड्याच्या आत सरकला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. साठीला आलेला माणूस लपाछपी खेळणाऱ्या पोरासारखा श्वास धरून उभा होता. पाय गेले. शेवटून दुसऱ्या घराचं दार वाजलं. जोतिरामला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं पाण्याचा पाईप बंद करायचंही विसरून खड्ड्यात गुडघाभर तळं केलं.

तरी मनाची समजूत त्यानं घातलीच. तोंड दाखवून काय मिळणार? आपण त्याचं काम तर करतोय. एकवीस दिवस झाले की त्याचं घर यंत्राला दिसेल, सेविका त्याची चौकशी करेल आणि सिद्रामला कळणारही नाही की हे कुणी केलं. उपकार करावा आणि समोरही जायला लागू नये, याहून सोयीचं प्रायश्चित्त कुठलं? अठरा दिवस त्यानं ते असं निभावलं.

अठराव्या दिवशी केतकीनं त्याला गाडीपाशी बोलावलं. वजाबाकी होण्याआधीचं कच्चं वाचन तिला दिसायचं.

"मामा, ते सहावं घर. परवापासून ताप आहे. अंगात पाणी कमी पडतंय. दह्याशिवाय पोटात काही गेलेलं दिसत नाही, औषध तर नाहीच नाही."

"मग धाड की त्या सेविकेला."

"यादीत घर रिकामं आहे. रिकाम्या घरी ती जात नाही. नमुना बदलायला अजून तीन दिवस आहेत."

"तीन दिवस," जोतिराम म्हणाला. "तोवर काय करायचं?"

केतकीनं बोळाकडे बोट केलं. "मामा, त्या घराचं दार तुमच्यापासून वीस पावलांवर आहे."

जोतिराम गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खाटेवर सिद्राम पडला होता, अंगावर उन्हाळ्यातही गोधडी होती. डोळे उघडून त्यानं बघितलं आणि आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही.

"खड्ड्यात तूच हुतास न्हवं?" सिद्राम म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"फट भरल्याली बघितली. थापीचं वळण कुणाचं त्ये कळत न्हाई व्हय मला?" बोलताना त्याला धाप लागली. "का आलास?"

"हिकडं काम चाललंय. म्हटलं बघावं, वस्ती कशी हाय, पानी-बिनी येतंय का..."

"जोत्या, ताकाला येऊन भांडं लपवू नगंस."

जोतिरामनं मग काही न बोलता कपाळाला हात लावला. ताप चांगलाच होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं गोळ्या आणल्या, पाणी उकळलं, मूठभर तांदळाचं मऊ खिमट केलं. घरात एकच ताट होतं. खाटेजवळ स्टूल ओढून त्यावर त्यानं ते ठेवलं. सिद्रामनं उशापासचं झाकलेलं पातेलं दाखवलं. जोतिरामनं झाकण काढलं आणि तो वास त्याच्या ओळखीचा होता.

"घाल दोन चमचं," सिद्राम म्हणाला. "आन तू?"

"मी जेवून आलोय."

"अकरा वर्सांनी आलास त्यो जेवून?"

जोतिरामनं सगळं सांगितलं. जागल्या, वजाबाकीची यादी, शालनचा वाण, रिकामं दिसणारं घर, अठरा दिवसांचा उपास. शालन गेली हेही सांगावं लागलं. सिद्रामला ते माहीत नव्हतं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. भात गार होत होता.

"म्हंजे," शेवटी तो म्हणाला, "परवाना ऱ्हायला पायजे तर माज्या ताटात जेवायचं न्हाई तू."

"तीन दिसाचा परश्न हाय, सिदू. मग नमुना दिला की झालं. तुजंबी घर दिसंल."

"बरोबर हाय."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच जोतिरामला सोसलं नाही. सिद्रामनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं, त्याला अडचण होऊ नये म्हणून. पहिला घास त्यानं उचलला, पण तो काही तोंडापर्यंत गेला नाही. हातात धरून तो तसाच बसला. आजारी माणसाला एकट्यानं जेववत नाही, हे जोतिरामइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? गेली सहा वर्षं तो ताप आला की उपाशी झोपत होता.

यादी, परवाना, एकोणसाठ वर्षांचं वय, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. आता खाल्लं तर नव्या नमुन्यात हाच वाण सापडणार. मग सिद्रामचं घर दिसायला एकच वाट उरणार होती. हे त्याला पूर्ण कळत होतं. त्यानं हात धुतले, ताट मधोमध ओढलं आणि दही-भाताचा घास घेतला. दही आंबट झालं होतं. चव शालनच्या हातची होती. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलंही नाही. सिद्राम खाली बघून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी केतकीला त्यानं सांगितलं, "माजं नाव काढ यादीतनं."

"मामा, कळतंय ना? परत नाही मिळणार परवाना. आणि कापायला कोण आहे दुसरं?"

"यंत्राला कापू दे. तुकडा पाण्यात पडंल, तर खालच्या बाजूला जाळी लावून ठेव. कडेला तीन काप आधी घ्यायला सांग, मग मधला. आन हळू घ्यायला सांग. फट माजी हाय."

केतकीनं पडद्यावर दोनदा बोट ठेवलं. तीस वर्षांचं काम तेवढ्यात संपलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी बोळात करवत चालू झाली तेव्हा जोतिराम सिद्रामच्या उंबऱ्यावर बसला होता. गेल्या तीन रात्री तो तिथेच राहिला होता. सिद्रामचा ताप उतरला होता, अशक्तपणा होता. दोघांनाही तो आवाज नीट कळत होता. एक काप, दुसरा, मग तिसऱ्याला पातं अडकल्यासारखं झालं. जोतिराम उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. खड्ड्याजवळ जायला त्याला आता मनाई होती. पातं सुटलं. थोड्या वेळानं यंत्रानं तुकडा वर काढल्याचा खणखणाट झाला.

"पडला न्हाई पान्यात," सिद्राम आतून म्हणाला.

"न्हाई."

"तू असतास तर आवाज आला नसता."

"नसता," जोतिराम म्हणाला. त्याला फार पोरकं वाटत होतं. उद्या सकाळी उठून कुठं जायचं, हे तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला माहीत नव्हतं.

दुपार कलायच्या आत आरोग्यसेविका आली. नवीन होती, घामाघूम झालेली. एकेका घरावरचा नंबर वाचत ती उंबऱ्यापाशी थांबली.

"हे घर आमच्याकडं कालपर्यंत रिकामं होतं," ती म्हणाली. "आज चेंबर चालू झालं आणि इथं दोन माणसं दाखवतंय. दोघंही वयस्क. एकाला ताप येऊन गेलाय. बरोबर?"

जोतिराम बोलायला गेला की मी इथला नाही, माझं घर नदीपलीकडे आहे. पण ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडेना. त्यानं आत बघितलं. सिद्राम भिंतीला धरून उठला होता आणि डावा पाय ओढत दारापर्यंत येत होता.

"दोन लिहू का मग?" सेविकेनं विचारलं. "का हे पाहुणे आहेत?"

सिद्रामनं चौकटीला हात टेकला. "आजच्याला दोन लिवा, बाई," तो म्हणाला. "उद्याचं ह्येला इचारून सांगतो."